तेवीस भिंतींवरच्या रेघा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं.

तो सरळच उभा होता. उलटी होती माझी दुर्बीण. जमिनीची उंची मोजायची ती जुनी लेव्हल मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांनी, मी त्यांचं ऑफिस सोडताना, भेट म्हणून दिलेली, आणि तिच्यातून अख्खं जग डोक्यावर उभं दिसतं. नवीन घ्यायला हवी हे मला कळतं. पण सवयीपुढे शहाणपण चालत नाही.

खाडीकाठच्या त्या गावात सकाळी मी तिपाई रोवली, दुर्बीण बसवली आणि फोन वाजला. पट्टी धरायला येणारा माझा मदतनीस तापानं फणफणला होता, आठवडाभर येणार नव्हता. झाली पंचाईत. समोर ती चार मीटरची, लाल-काळ्या खुणांची पट्टी कुणीतरी सरळ धरून उभं राहिल्याशिवाय माझं काम तसूभरही पुढे सरकत नाही. तेवढ्यात एक उंचेला माणूस खांद्यावर फळी टाकून समोरून चालला होता. मी हाक मारली.

"जरा इकडे या. ही धरा. सरळ. अजिबात हलायचं नाही."

त्यानं फळी भिंतीला टेकवली, पट्टी हातात घेतली आणि उभा राहिला. कोण, कशाला, किती वेळ... काही म्हणजे काही विचारलं नाही. मी डोळा लावला. आधी आकडे दिसले, मग एक हनुवटी, आणि मग हसणारे दोन डोळे. उलट्या माणसाचं हसू खरं तर रडवेलं दिसतं. ह्याचं दिसत नव्हतं.

"तुम्ही डुलताय," मी ओरडले.

"मी नाही. वारा डुलतोय."

"मग वाऱ्याला सांगा, माझे आकडे चुकतायत."

"माझं तो ऐकत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगून बघा... तुमचं सगळी आळी ऐकतेय."

खरंच ऐकत होती. दारादारांत माणसं उभी होती. मी जरा आवाज खाली आणला, पण जराच. दोन तासांनी काम आवरलं तेव्हा त्यानं पट्टी माझ्या हातात दिली, आपली फळी उचलली आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं. तुमची कामं नाहीत का, मी म्हटलं. आहेत की, एक होडी अर्धी बांधून झालीय, पण ती कुठे पळून जातेय, असं म्हणून तो निघून गेला. होड्या बांधणारा होता तो. आळीच्या टोकाला त्याची शेड, शेडला लागून घर, घरात आई आणि लग्नाची धाकटी बहीण. एवढी माहिती मला न विचारता पाचच मिनिटांत मिळाली, कारण गाव लहान होतं.

आता माझ्याबद्दल. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. घरचे लोक ह्याचा अर्थ 'शिकलेली माळीण' असा करतात आणि मी वाद घालत नाही. तीन वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीला मोठं पाणी आलं आणि त्या गावाची खालची आळी, तेवीसच्या तेवीस घरं, बुडाली. तेव्हापासून किनारा कार्यालयाचं म्हणणं एकच होतं, की ही आळी उचलून वर माळावर न्या. आळीला जायचं नव्हतं. शेवटी कार्यालयानं एक मुदत दिली. पाण्यासोबत राहता येईल आणि त्यावर पोटही भरेल असा आराखडा दाखवा, नाहीतर सामान बांधा. गावाच्या समितीनं तो आराखडा माझ्याकडे दिला. सरांचं ऑफिस सोडल्यावर माझं स्वतःचं हे पहिलं काम, आणि बैठक दोन आठवड्यांवर.

आराखडा डोक्यात तयार होता. खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट, पक्षी बघायला दोन मचाणं, भरतीचं पाणी आत येऊन पसरेल आणि ओहोटीला निघून जाईल असं मोठं तळं, आणि प्रत्येक घरामागे खांबांवर उभी एकेक पाहुण्यांची खोली. पाहुण्यांनी यायचं, वल्ह्याच्या होडीतून फिरायचं, शांत झोपायचं. घरच्यांनी त्यावर कमवायचं. पाणी आलं तर त्याला पसरायला जागा असेल. फक्त एक गोष्ट ठरायची होती — पाणी येतं तेव्हा नेमकं किती चढतं. खांब किती उंच, खोलीची जमीन किती वर, सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून होतं.

सरांची शिकवण होती, पाणी किती चढतं ते कागदाला विचारू नकोस, भिंतीला विचार. भिंतीवरची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि ह्या आळीत तर मला घबाडच मिळालं होतं. त्या मोठ्या पाण्यानंतर प्रत्येक घरानं आपल्या दर्शनी भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथे, होडीच्या रंगानं एक रेघ मारून ठेवली होती. कुठे निळी, कुठे लाल, कुठे हिरवी. तेवीस घरं, तेवीस रेघा. मी हरखून गेले.

पण संध्याकाळी वहीत आकडे मांडले तर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. पाणी सपाट असतं, हो की नाही? मग शेजारच्या दोन घरांत ते वेगवेगळ्या उंचीवर कसं उभं राहील? एक रेघ वर, एक वीतभर खाली, एक त्याच्याही खाली. रेघा खोट्या बोलतील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मी दोष दिला तो पट्टी धरणाऱ्याला.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मोजलं.

"आज श्वाससुद्धा घेऊ नका," मी बजावलं.

"मग उद्या पट्टी कोण धरणार?"

"आळीत माणसांना तोटा नाही."

"माणसं पुष्कळ आहेत," तो शांतपणे म्हणाला. "बोलणी खाणारा मी एकटाच."

मला हसू आलं आणि आकडा हुकला. तोही मी त्याच्याच खात्यावर टाकला. त्या दिवशीही मेळ बसला नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा. आळीतल्या पोरीबाळींनी आता मला 'दुर्बीणवाली' असं नाव ठेवलं होतं आणि त्याच्याकडे बघून त्या खुसुखुसू हसायला लागल्या होत्या. त्याला त्याचं काहीच वाटत नसावं. तो दगडासारखा स्थिर उभा राहायचा आणि मी डोळा लावला की मात्र... मात्र मला कळायचं की तो पट्टीकडे बघत नाहीये.

तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक पावसाची सर आली. मी दुर्बिणीचं झाकण शोधत धडपडले, तोवर तो धावत आला, अंगातलं जाकीट काढून त्यानं दुर्बिणीभोवती घट्ट गुंडाळलं आणि तिला तिपाईसकट उचलून आडोशाला नेऊन ठेवलं. मग मागे वळून बघितलं तर मी पावसात उभी, नखशिखांत भिजलेली.

"अरे... तुम्ही भिजलात," तो ओशाळून म्हणाला.

"पहिली आठवण हिची झाली वाटतं?"

"तुम्ही वाळाल. हिच्या काचेत ओल गेली तर ती वाळायची नाही."

त्यानं मला भिजू दिलं, माझ्या दुर्बिणीला नाही. त्या क्षणी मला तो आवडला. छत्री धरणारे मी आयुष्यात बरेच पाहिले होते. माझं काम भिजू नये म्हणून धावणारा हा पहिलाच.

"एक सांगू?" मी केस पिळत म्हटलं. "हे अहो-जाहो पुरे. तीन दिवस बोलणी खातोयस, निदान 'तू' तरी म्हण."

"तू..." त्यानं म्हणून पाहिलं, नवी होडी पाण्यात सोडून बघावी तसं. मग मान हलवली. "चालतंय."

त्यानंतर मी हात टेकले. आकडे जुळत नाहीत तर नाहीत. बावीस रेघांची सरासरी काढली आणि तेविसावी सोडून दिली. ती तेविसावी रेघ होती बाईंच्या घरावरची. बाई म्हणजे गावच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या, मी त्यांच्याच माडीवर राहत होते. त्यांची रेघ बाकी सगळ्यांपेक्षा इतकी वर होती, की ती चूकच असणार हे मी ठरवून टाकलं. बाई, तुमची रेघ चुकलीय, असं मी त्यांना जेवताना सांगितलंसुद्धा. बाईंनी माझ्याकडे बघितलं, असेल बाई, म्हणाल्या आणि आणखी वाढायला उठल्या.

पुढचे काही दिवस मी माडीवर वाकून आराखडा काढत होते आणि तो काही ना काही निमित्त काढून येत होता. कधी कागद ताणायला फळी, कधी पेन्सिली ठेवायला त्यानं स्वतः कोरलेला लाकडी डबा. एकदा नुसताच आला, आणि का आलास विचारल्यावर जिना किती करकरतो ते बघायला आलो म्हणाला. मी त्याला सगळं समजावून सांगायचे. इथे पायवाट, इथे मचाण, इथे तळं. तो हाताची घडी घालून ऐकायचा. त्याचे प्रश्न थोडे असायचे आणि नेमके असायचे. मला सांगायला आवडत होतं. खरं सांगायचं तर, तो येईपर्यंत मी वरचेवर जिन्याकडे कान लावून बसायचे.

मग एका दुपारी त्यानं पायवाटेच्या खांबांवर बोट ठेवलं.

"ही उंची कुठून आली?"

"तुमच्याच भिंतींवरून. सगळ्या रेघांची सरासरी."

त्यानं बोट काढून घेतलं. चहा न घेताच उठला, जिना उतरला, आणि दोन दिवस फिरकला नाही. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी मी वही उचलली आणि सरळ त्याच्या शेडमध्ये गेले. बैठकीला चारच दिवस उरले होते.

शेडमध्ये ती अर्धी होडी होती, फासळ्या उघड्या असलेली. खाली लाकडाचा भुसा, हवेत रंगाचा आणि डांबराचा वास. तो रंधा मारत होता. मला बघून थांबला.

"मीच येणार होतो," तो म्हणाला.

"कधी? बैठक झाल्यावर?"

त्यानं रंधा बाजूला ठेवला. "तुझ्या त्या सगळ्या रेघा खोट्या आहेत."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं सांगितलं. ह्या आळीत लग्नाची बोलणी करायला माणसं आली, की दारात थांबून आधी भिंतीकडे बघतात. ज्या घरात गळ्याएवढं पाणी शिरतं तिथली सोयरीक कुणाला हवी असते? बरं, रेघ मारली नाही तर लपवलं म्हणतात. म्हणून प्रत्येकानं मारली, पण आपापल्या गरजेप्रमाणे खाली.

"गरजेप्रमाणे म्हणजे?"

"लग्नाची एक मुलगी असेल तर वीतभर खाली. दोन असतील तर दोन विती. मुलगा असेल तर चार बोटं."

"मुलाचंसुद्धा धरतात?"

"सून यायची असते ना. तिच्या आईबापांना डोळे असतातच की."

मी तिथेच भुशावर बसले आणि वही उघडली. घर नंबर चार, दोन मुली. नंबर नऊ, एक मुलगा. नंबर सतरा, तीन मुली — ती तर पार खाली. सगळं जुळलं. तीन दिवस जे गणित सुटत नव्हतं ते आळीतल्या लग्नांनी दोन मिनिटांत सोडवलं. आणि जिला मुलगी नाही, मुलगा नाही, जिच्या दारात बोलणी करायला कुणीच यायचं नव्हतं, त्या बाईंची रेघ तेवढी खरी होती. तीच नेमकी मी फेकून दिली होती.

"बाईंची रेघ माझ्या सरासरीपेक्षा दीड वीत वर आहे," मी म्हटलं. "म्हणजे पुढच्या मोठ्या पाण्यात पाहुण्यांच्या गाद्या तरंगल्या असत्या. पायवाट पाण्याखाली. आणि तिच्यावर माणसं असती, कळतंय तुला?"

"कळलं. त्या दुपारी खांब बघितले तेव्हाच कळलं. दोन दिवस आईशी बोलायचा धीर गोळा करत होतो."

"आणि त्याआधी? मी तीन दिवस तुला 'डुलतोस, डुलतोस' म्हणून झापत होते. तुला ठाऊक होतं, दोष तुझा नाही. तरी तू उभा राहिलास. का?"

तो होडीच्या फासळीवरून हात फिरवत राहिला. "पहिल्या दिवशी आळीच्या अब्रूसाठी," तो म्हणाला. "पुढचे दोन दिवस... आकडे जुळले असते तर तू मोजायला आली नसतीस."

मला इतका राग आला होता, आणि त्या रागाच्या बरोबरीनं इतका आनंद झाला होता, की काय करावं ते सुचेना. मी दोन्ही सांगून टाकलं.

"हे ऐकून मला खूप बरं वाटलं. पण नीट ऐक. असला लबाडपणा माझ्याशी कर, माझ्या कामाशी नको. पुन्हा केलास तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"पुन्हा नाही," तो म्हणाला. त्यानं सबब सांगितली नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

मग त्याच्या घराची गोष्ट निघाली. त्याच्या घराची निळी रेघ ह्या हिशेबापेक्षाही खोटी, चांगली हातभर खाली. आईनं स्वतः मारलेली. त्यातला मोठा वाटा धाकटीचा, आणि उरलेला त्याचा. आईच्या मते ह्या मुलाचं जमणं जरा अवघडच होतं. धाकटीचं आता जमत आलं होतं, वरच्या आळीतल्या बर्फाच्या कारखानदाराच्या मुलाशी. हे होणारे सासरे गावच्या समितीवर, बैठकीत पहिल्या रांगेत बसणारे. खरी उंची आराखड्यात घाल, त्यानं सांगितलं, पण कुणाच्या घराचं नाव नको. धाकटीचं फिसकटलं तर आई स्वतःला माफ करणार नाही. मी शब्द दिला.

चार दिवसांत सगळा आराखडा बदलायचा होता. पायवाट तेवढी उंच केली तर लाकूड दुप्पट लागणार, आणि ती पायवाट कमी, पूल जास्त दिसणार. मी कपाळाला हात लावून बसले तेव्हा तो म्हणाला, पायवाट उंच कशाला करतेस, तरंगती कर. होडीसारखी. खाली हवाबंद पिंपं, वर फळ्या, दोन्ही बाजूंना खांब आणि खांबांभोवती सैल कड्या. पाणी चढलं की पायवाट चढेल, उतरलं की उतरेल. खांब तेवढे खऱ्या पाण्यापेक्षा उंच हवेत, नाहीतर पायवाट खांबावरून निसटून समुद्रात जाईल, पाहुण्यांना घेऊन. मी पेन्सिल उचलली. त्या शेडमध्ये, होडीच्या बाजूला पाट टाकून, आम्ही पायवाट पुन्हा काढली आणि पाहुण्यांच्या खोल्या वर उचलल्या. तो कड्या सांगायचा, मी कागदावर उतरवायचे. काकू, म्हणजे त्याची आई, दिवसातून दोनदा चहा आणून द्यायच्या आणि माझ्याकडे संशयानं बघत परत जायच्या. मी इतक्या आनंदात कधीच काम केलं नव्हतं.

बैठक शाळेच्या सभागृहात होती. किनारा कार्यालयाचे साहेब आले होते, करडे, व्यवस्थित, हातात माझ्या सगळ्या मोजमापांची प्रत. आळी झाडून हजर. मी बोलले आणि चांगलं बोलले, हे मी सांगायला हरकत नाही. पायवाट तरंगते म्हटल्यावर मागच्या रांगांतले लोक उभे राहून बघायला लागले. साहेबसुद्धा पुढे झुकले. मग त्यांनी कागद उलटला.

"खांब इतके उंच का?" त्यांनी विचारलं. "तुमच्याच नोंदीत तेवीस रेघा आहेत. बावीस खाली, एक वर. तुम्ही बावीस सोडल्या आणि एक धरली. कारण?"

"ती एक खरी आहे."

"आणि बाकीच्या?"

मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत बर्फवाले हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या मागे काकू, शेजारी तो.

"कारण आहे," मी म्हटलं. "ते मला सांगता येणार नाही."

"मग मला सही करता येणार नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आधार नसलेल्या आकड्यावर मी तेवीस घरं पाण्याच्या तोंडी ठेवू शकत नाही. आळी हलवावी लागेल."

माझं पहिलं काम माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं आणि वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. मी ते बोलले नाही. दिलेला शब्द दिलेला असतो. मला दिसलं, तो उठत होता... आणि काकूंनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या घरावरची निळी रेघ मी मारलीय," त्या म्हणाल्या. "ती खोटी आहे. त्या दिवशी मी ह्या पोरीला माळ्यावर चढवलं आणि खाली गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. पाणी ओसरल्यावर रंग घेतला आणि रेघ मारली कमरेशी. पोरीचं लग्न अडू नये म्हणून." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही दुर्बीणवाली आमची लाज झाकायला गप्प राहिलीय. तिचे खांब बरोबर आहेत. मला विचारा, मी ते पाणी गळ्याशी मोजलंय."

मग नंबर सतराची तीन मुलींची आई उठली, आमचीही खाली आहे म्हणाली. मग नंबर चार. मग कोपऱ्यातून एक म्हातारा. एकेक करत अर्धी आळी उभी राहिली. सगळे चोरून बघत होते ते पहिल्या रांगेकडे. बर्फवाल्यांनी घसा खाकरला.

"विहीणबाई, तुम्ही निदान रेघ मारली तरी," ते म्हणाले. "आम्ही वरच्या आळीचे. आमच्याकडे गुडघाभर आलं होतं. आम्ही तर तीन वेळा चुना लावून डाग पुसून टाकले."

आधी बाई हसल्या. मग सगळं सभागृह हसलं आणि काकू पदरानं डोळे पुसत खाली बसल्या. त्यांना सगळ्यांसमोर 'विहीणबाई' म्हटलं होतं, त्यामुळे धाकटीचं आता नक्की झालं हे सगळ्यांना कळलं. साहेबांनी सही केली आणि खाली एक अट लिहिली: काम सुरू होण्याआधी प्रत्येक घरानं खरी रेघ मारायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला बोलावणं धाडलं. सुरुवात त्यांच्याच घरापासून करायची होती. मी अंगणात तिपाई रोवली, बाईंच्या रेघेवर दुर्बीण जुळवली. त्यानं भिंतीशी पट्टी धरली. काकू हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन उभ्या. मी सांगत गेले, वर... अजून वर... आणखी चार बोटं... थांबा. रेघ काकूंच्या बरोबर गळ्याशी आली. त्यांनी ब्रश बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

मग त्या दोन पावलं मागे सरकल्या. भिंतीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला.

"पोरीचं निभावलं," त्या म्हणाल्या. "पण आता ही रेघ बघून ह्या घरात मुलगी कोण देणार?"

मी दुर्बिणीपासून डोळा काढला.

"कुणी द्यायला कशाला हवी, काकू? मी आपणहून आलेय."

पट्टी भिंतीवरून सरकली आणि खडखडत खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. हे मी आज शेडमध्ये सांगणार होतो, नीट... असं आईसमोर नाही."

"मग आता आईसमोर नीट सांग," मी म्हटलं.

"माझ्याशी लग्न कर."

"करते."

काकूंनी डबा खाली ठेवला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग रेघेकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. मी त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. ओली रेघ माझ्या बरोबर नाकाशी येत होती.

"पोहता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी कबूल केलं.

"मग आधी पोहायला शिक," काकू म्हणाल्या. "लग्न त्यानंतरच."

भरती दुपारी चारला होती. मी त्याच दिवशी पाण्यात उतरले.